धर, आवळ, झटक

तिचं हसणं बंद पडलं, हे सगळ्यांत आधी बॉयलरवाल्याच्या लक्षात आलं. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात धुलाईखाना, त्याला लागून बॉयलरची खोली, आणि मधली भिंत चांगली दीड हात जाड. पण तिचं हसणं त्या भिंतीला दाद देत नसे. खालच्या पट्टीत सुरू व्हायचं, चढत चढत वर जायचं आणि वर पोचलं की तिथेच ठाण मांडायचं. म्हणून तिला सगळे भोंगा म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं.

एका सकाळी बॉयलरवाला हात पुसत दारात आला. "काय गं बायांनो, भोंगा रजेवर आहे का?"

भोंगा त्याच्या समोरच उभी होती, चादरीचं टोक हातात धरून.

"डोळे तपासून घे," ती म्हणाली.

"मग वाजत का नाहीस?"

"हसण्यासारखं काही बोललास तर वाजेन."

बाकीच्या सात जणी खिदळल्या. तिने मात्र ओठ मिटून घेतले, मांड्या घट्ट जुळवल्या आणि छताकडे बघत राहिली.

कारण एका वाक्यात सांगून संपण्यासारखं होतं. ते वाक्य तिला आठ महिने कोणापुढे उच्चारता आलं नव्हतं. हसलं की लघवी गळायची.

वय बावन्न. पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं. आधी शिंकेला दोन थेंब, मग ओला गठ्ठा उचलताना, मग हसताना. पुढे पुढे तर घराच्या दाराशी किल्ली हातात घेतली की पोटातून अशी कळ यायची, की कुलूप उघडून संडास गाठेपर्यंत तिचा धीर संपायचा, आणि बहुतेक वेळा धीराच्या आधी बाकीचंही. ज्या बाईने दोन मुली जन्माला घातल्या आणि सत्तावीस वर्षं रोज ढिगांनी कपडे उपसले, तिला एका किल्लीने रडवलं.

हे दुसरीकडे कुठेही झालं असतं तर निभावलं असतं. पण धुलाईखान्यात? तिथल्या आठही जणी डाग वाचायच्या. चहा, आयोडीन, रक्त, खोकल्याचं औषध, काहीही असो, तीन पावलांवरून नुसत्या नजरेने आणि नाकाने सांगणार. त्यात भोंगा सगळ्यांत तरबेज. चादर उचलायची आणि म्हणायची, "मुलांचा वॉर्ड. पोर औषध प्यायला तयार नव्हतं, आईने बळेच पाजलंय." आणि ते खरं निघायचं. लघवीने भिजलेल्या चादरी तर दिवसाला शंभर येत. नवीन आलेली एखादी नाक मुरडू लागली की भोंगाच तिला झापायची, "अगं, माणूस आजारी आहे, चादर भिजणारच. त्यात त्याचा काय गुन्हा?"

जगाच्या चादरींना एक कायदा आणि स्वतःला दुसरा. आपण बायका यात फार हुशार असतो.

तिचे उपाय चालू होते. रद्द झालेल्या चादरी फाडून त्यांच्या घड्या ती आत ठेवायची. गडद रंगाशिवाय काही घालेनाशी झाली. लागो न लागो, दर अर्ध्या तासाने जाऊन यायची. आणि सगळ्यांत मोठा शहाणपणा म्हणजे पाणी तोडलं. वाफेने भरलेल्या त्या खोलीत, जिथे भिंतीसुद्धा घाम गाळतात, तिथे ही दिवसभरात दोन पेले पाण्यावर. चहा मात्र सहा कप. तो चहाच तिला जास्त पळवत होता, पण हे तिला सांगणार कोण? विचारलं असतं तर कोणीतरी सांगितलं असतं ना.

शेवटी तिने राजीनामा लिहिला. सुवाच्य अक्षरात, 'कौटुंबिक अडचणींमुळे' असं कारण देऊन. तारखेची जागा कोरी ठेवली, कागदाची चौघडी केली आणि एप्रनच्या खिशात घातली. महिनाअखेरीस द्यायचा. त्या सात जणींनी आपल्याला वाचावं, त्यापेक्षा नोकरी गेलेली परवडली, असा तिचा हिशेब. काम तिला जीव की प्राण होतं, हे त्या हिशेबात कुठेच धरलेलं नव्हतं.

घरी नवरा. पुस्तकबांधणीचं काम करणारा, शांत, बोटांना कायम खळ लागलेली. त्याच्याकडे एकच विनोद होता, एका विसराळू बांधणीवाल्याचा, ज्याने पुस्तकाला पुठ्ठे लावले आणि आतली पानं टेबलावरच राहिली. तीस वर्षं तो हा विनोद सांगत होता आणि तीस वर्षं ती हसत होती. आता ती नुसती "हं" म्हणायची.

"माझं काही चुकलं का?" त्याने एकदा विचारलं.

"नाही हो. तुमचं काय चुकणार?"

तो बिचारा खळीच्या भांड्यात बघत बसला. धाकटीला मुलगी झाली होती. तिच्या गावाला जायला बसचे चार तास लागत. नातीला बघायला तो एकटाच जाऊन आला. हिने गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गुडघे ठणठणीत होते.

धुलाईखान्यात चादरींची घडी दोघी मिळून घालतात. समोरासमोर उभं राहायचं, दोन दोन टोकं धरायची, एक दोन तीन म्हणून जोराचा झटका द्यायचा, म्हणजे सुरकुत्या पळतात. मग जवळ येऊन टोकं जुळवायची. भोंग्याची जोडीदारीण म्हणजे बारकी. अंगाने काडी, जिभेने कात्री. वीस वर्षं दोघी एकमेकींचं तोंड बघत चादरी झटकत होत्या. त्या झटक्याला पोटात हिसका बसतो, आणि प्रत्येक हिसक्याला भोंग्याचा जीव टांगणीला लागायचा.

उन्हाळ्याच्या एका दुपारी इस्त्रीच्या तापल्या रुळाशी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. बारकीने चादर सोडली आणि तिला धरलं. ओढतच मागच्या सामानाच्या खोलीत नेलं, साबणाच्या पोत्यावर बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पी."

"नको."

"पी म्हणते ना."

"नको गं, मग..."

"मग काय? जावं लागेल. जा की. संडास पळून चाललाय?"

बारकी तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"वीस वर्षं चादरीचं दुसरं टोक धरून तुझ्यापुढे उभी आहे मी. मला काय नाक नाही?"

भोंग्याने दाराकडे पाहिलं. "सगळ्यांना कळलंय?"

"नाही. फिनेलची बादली गेले सहा महिने तुझ्या पायाशी कोण आणून ठेवतंय? स्वतःच्या पायांनी चालत येते का ती?"

सहा महिने भोंगा त्या बादलीला अडखळत होती आणि ठेवणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत होती. मग ती रडली, आणि रडता रडता सगळं पाणी प्यायली. खिशातला कागदही दाखवला. बारकीने तो वाचला, घडी घालून परत दिला.

"अक्षर छान आहे," ती म्हणाली. "बाकी मजकूर भिकार. उद्या डॉक्टरकडे चल."

दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी चार मिनिटं दिली. त्यांतली तीन ते स्वतःच्या कागदाकडे बघत होते. "या वयात चालायचंच," ते म्हणाले. "पाणी जरा कमी पीत चला."

"चालायचंच?" बारकी जिन्यात फणफणली. "चालताना गळतं म्हणून तर आलो याच्याकडे!"

भोंग्याचं तोंड मात्र उतरलं. एवढं मन घट्ट करून गेली, आणि पदरात काय पडलं, तर जे ती आधीच करत होती तेच. बहुतेक जणी इथूनच माघारी फिरतात, आणि पुढची वीस वर्षं घड्या बदलत काढतात. भोंगाही फिरली असती. पण जांभळा दोरा आडवा आला.

धुलाईखान्यात प्रत्येक वॉर्डाच्या कपड्यांना कोपऱ्यात ठरावीक रंगाचा दोरा शिवलेला असतो, म्हणजे कपडे आपापल्या जागी परत जातात. शस्त्रक्रियेला हिरवा, बाळंतिणींना पिवळा. जांभळा दोरा चौथ्या मजल्याच्या टोकाच्या खोलीचा. तिथून गेली अकरा वर्षं रोज छोटे टॉवेल यायचे, गुंडाळी केलेले आणि स्वच्छ. डागच नाही, त्यामुळे कोणाला काही वाचता येईना. तिथे मालिश करतात, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. डाग वाचणाऱ्यांना दारावरची पाटी वाचायचं सुचलं नाही. टॉवेल बाहेरच्या टोपलीत ठेवून त्या परत यायच्या.

त्या दिवशी बारकीने पाटी वाचली आणि ती चार मजले धावत खाली आली. पाटीवर लिहिलं होतं : 'लघवीवर ताबा नसणे, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम व उपचार.'

"अकरा वर्षं!" ती धापा टाकत म्हणाली. "अकरा वर्षं आपण त्यांचे टॉवेल धुतोय!"

आतली व्यायामवाली डॉक्टर तिशीची, बाह्या सरसावलेली, बोलायला एकदम सरळ. किती वेळा जाता, किती गळतं, थेंब की धार, शिंकेला की घाईला, बद्धकोष्ठ आहे का, बाळंतपणं किती. भोंगा कुजबुजत उत्तरं देऊ लागली.

"मावशी, मोठ्याने बोला. ही खोली त्यासाठीच आहे."

मग भोंगा बोलली. एकदा सुरू झाल्यावर थांबेना. किल्लीचं सांगितलं, नातीचं सांगितलं, विनोदाचंसुद्धा सांगितलं.

लघवी तपासून घेतली, जंतुसंसर्ग नव्हता. शेजारच्या खोलीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आतून तपासलं. पाळी गेल्यावर तिथली त्वचा कोरडी आणि पातळ होते, असं समजावून त्यांनी योनीमार्गात लावायचं मलम लिहून दिलं. मग व्यायामवालीने तिला टॉवेलच्या गुंडाळीवर बसवलं. तेव्हा कळलं त्या टॉवेलांचं काय करतात ते. गुंडाळीवर बसलं की आवळायचा स्नायू नेमका कुठे आहे, ते जाणवतं.

"आता लघवी आणि वारा दोन्ही रोखायचं असल्यासारखं आत, वर ओढा."

भोंग्याने दम कोंडला, गाल फुगवले आणि जोर लावला.

"थांबा, थांबा. तुम्ही आवळत नाही आहात, खाली ढकलताय. हे कुठे शिकलात?"

"गठ्ठा उचलताना," भोंगा म्हणाली. "दम कोंडून उचलायचं. मी सगळ्यांना तसंच शिकवते."

व्यायामवालीने कपाळाला हात लावला. मग एक चादर मागवली. दोन टोकं बारकीच्या हातात, दोन भोंग्याच्या हातात, आणि मधे एक उशी.

"ही उशी म्हणजे तुमचं मूत्राशय. खालची चादर म्हणजे स्नायू. बाळंतपणं झाली, वय झालं, पाळी गेली, टोकं सैल पडली." तिने बारकीला हात सैल सोडायला लावलं. उशी जमिनीला टेकली. "त्यात तुम्ही रोज दम कोंडून वरून दणका देताय. टोकं पुन्हा ताणली की उशी वर येईल. आणि उचलताना श्वास कोंडायचा नाही, सोडायचा."

चादरीच्या भाषेत सांगितल्यावर भोंग्याला न कळायला काय झालं? टोक सैल धरलेलं तिला आयुष्यात खपलं नव्हतं.

मग सगळं ठरलं. दिवसातून तीनदा व्यायाम. आवळून सावकाश दहापर्यंत मोजायचं, मग सोडायचं. दहापर्यंत टिकत नसेल तर तीनपासून सुरुवात. नंतर पटापट आवळून सोडायचं. पाणी पोटभर, चहा दोनच कप. उगाच जाऊन यायचं नाही. घाई लागली की जागच्या जागी उभं राहून आवळायचं, ती लाट ओसरू द्यायची, आणि दोन जाण्यांमधली वेळ थोडी थोडी वाढवायची. शिंक, खोकला, गठ्ठा, झटका, यांच्या आधी आवळायचं.

"किती दिवस?"

"तीन महिने."

"मी महिनाअखेरीस राजीनामा देतेय."

"दिलात?"

"खिशात आहे. तारीख घालायची राहिलीय."

"मग तीन महिने राहू द्या तशीच."

पहिले तीन आठवडे काडीचा फरक पडला नाही. भोंगा चिडचिडी झाली. पाचव्या आठवड्यात जरा बरं वाटू लागलं, आणि नेमकी तेव्हाच सर्दी झाली. एका दुपारी लागोपाठ चार शिंका आल्या. पहिली आवरली, दुसरी आवरली, तिसरीने घात केला. भोंग्याने पेन घेतलं, कागदावर त्या दिवसाची तारीख घातली आणि मुकादमांच्या खोलीकडे निघाली.

बारकी ट्रॉली आडवी घालून उभी राहिली. "आज नाही."

"सर बाजूला."

"आज दोघी रजेवर आहेत. तू गेलीस तर सगळ्या चादरी मी एकटी झटकू? टोकं काय दातात धरू?"

भोंगा थबकली. एकट्या बाईने चादर झटकायची? कामाचा असा विचका तिला बघवला नसता. कागद पुन्हा खिशात गेला.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्यालाही सांगितलं. तो खळ ढवळायचा थांबला.

"म्हणजे माझ्या विनोदाचा दोष नव्हता?"

"विनोदाचा दोष आहेच. पण हसायची थांबले ती दुसऱ्या कारणाने."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि आठ महिन्यांत प्रथमच त्याचा चेहरा खुलला. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तिचे सेकंद मोजायचं काम त्याने अंगावर घेतलं.

आठव्या आठवड्यात ते घडलं. दोघी चादर धरून उभ्या होत्या. एक दोन तीन म्हणायच्या ऐवजी भोंगा म्हणाली, "धर. आवळ. झटक." श्वास सोडत झटका दिला. चादर फाडकन वाजली. भोंगा तशीच उभी राहिली.

"काय?" बारकीने विचारलं.

"कोरडी."

"पुन्हा."

चाळीस चादरी. धर, आवळ, झटक. चाळीसही कोरड्या. मग ती मोजायचंच विसरली.

आता शेजारच्या जोडीतल्या उंच बाईचं कुतूहल जागं झालं. चहाच्या वेळेला तिने विचारलंच, "काय गं ते आवळ आवळ लावलंय? काय आवळता तुम्ही?"

बारकीने पट्कन थाप मारायला तोंड उघडलं होतं. भोंग्याने हात करून तिला थांबवलं. सहा जणी समोर बसल्या होत्या, कोणताही डाग तीन पावलांवरून वाचणाऱ्या. ज्या क्षणाला घाबरून तिने राजीनामा लिहिला होता, तो हाच. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मला लघवी गळायची," ती म्हणाली. "वर्ष झालं. हसलं की, शिंकलं की, गठ्ठा उचलला की. आता बरं होतंय. जांभळ्या दोऱ्याच्या खोलीत शिकवतात."

उंच बाईने हातातला कप बशीत ठेवला.

"तुलापण?" उंच बाई म्हणाली.

"तुलापण म्हणजे?"

"मला तर पहिल्या बाळंतपणापासून आहे. जुळी होती ना."

"मला खोकल्याला," कोपऱ्यातली म्हणाली. "मला वाटलं, मी एकटीच."

सगळ्यांत तरुण, चार महिन्यांच्या बाळंतिणीने नुसतं बोट वर केलं. तिच्या शेजारणीनेही. भोंगा धरून आठांत पाच निघाल्या. सगळ्या जणी एकमेकींपासून लपवत होत्या, आणि लपवायला सगळ्यांनी रद्द चादरींचा तोच ढीग उपसला होता. म्हणूनच चिंध्या पुरत नव्हत्या तर!

"एवढी नाकं इथे," बारकी म्हणाली, "आणि प्रत्येकीला आपलाच वास."

आळीपाळीने सगळ्या चौथ्या मजल्यावर जाऊन आल्या. गठ्ठा दम कोंडून उचलायची जुनी शिकवण भोंग्याने स्वतःच रद्द केली. हळूहळू एक दोन तीन मागे पडलं. चार जोड्या, चार चादरी आणि एका सुरात "धर, आवळ, झटक." तिकडे दीड हात भिंतीपलीकडे बॉयलरवाला बुचकळ्यात.

अकराव्या आठवड्यात भोंगा चार तास बसमध्ये बसून नातीला भेटून आली. वाटेत एकदाच उतरली, तेही बस थांबली म्हणून.

आणि मग तो दिवस उजाडला. तिने एप्रनवर ब्लीच सांडून घेतलं, दुसरा चढवला, आणि पहिला भरत आलेल्या ड्रममध्ये भिरकावला. ड्रममध्ये शस्त्रक्रियेचे चाळीस हिरवे झगे होते. खिसा तपासल्याशिवाय कपडा पाण्यात जाऊ द्यायचा नाही, हा धुलाईखान्याचा पहिला धडा, आणि तो शिकवणारी भोंगा. खिशांतून तिने पेनं काढली होती, थर्मामीटर काढले होते, एकदा तर कवळीसुद्धा. खिशातला एक कागद ड्रमभर कपड्यांची वाट लावतो. नवीन पोरींना ती हे बोट नाचवून सांगायची.

तासाभराने उंच बाईने ड्रमचं दार उघडलं आणि हातातली टोपली खाली टाकली.

चाळीसच्या चाळीस हिरव्या झग्यांवर पांढरा भुगा. बाह्यांवर, नाड्यांवर, शिवणींत.

"खिसा कोणी नाही बघितला?" ती कडाडली.

सगळ्यांचे डोळे त्या तरुण बाळंतिणीकडे. तिचा चेहरा पांढराफटक. "मी नाही हो, शपथ!"

बारकीने एका झग्यावरून नखाएवढा तुकडा उचलला. उजेडाकडे धरला. निळी शाई फिसकटली होती, पण अक्षर सुवाच्य.

"कौटुंबिक अड..." तिने वाचलं आणि सावकाश मान वळवली.

भोंग्याचा हात आपोआप नव्या एप्रनच्या खिशात गेला. रिकामा. राजीनामा तारखेसकट साबणात उकळून, पिळून, चाळीस डॉक्टरांच्या अंगाला चिकटून बसला होता. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा खिसा बघायचा राहिला, आणि तोही स्वतःचा.

तिने बारकीकडे बघितलं. बारकीने तिच्याकडे. आणि खालच्या पट्टीत सुरुवात झाली. गाल थरथरले, खांदे हलले, आवाज चढू लागला. ड्रमला धरून ती वाकली, गुडघ्यांवर हात मारले, डोळ्यांतून पाणी वाहिलं, तरी आवाज चढतच होता. वर पोचला आणि तिथेच ठाण मांडून बसला. बाकीच्यांना अर्धी गोष्ट कळली नव्हती, तरी त्याही हसू लागल्या. आवळायची आठवण कोणालाच राहिली नाही.

दारात बॉयलरवाला उभा. "आला वाटतं भोंगा रजेवरून!"

त्याला उत्तर द्यायला कोणाकडे दम होता? बऱ्याच वेळाने भोंगा साबणाच्या पोत्यावर टेकली, डोळे पुसले, आणि मग एकदम काहीतरी आठवून स्तब्ध झाली. बारकीने भुवया उंचावल्या.

"कोरडी," भोंगा म्हणाली. "खडखडीत."

झगे मात्र दोनदा धुवावे लागले, आणि संध्याकाळपर्यंत आठ जणी शिवणींतून राजीनामा वेचत बसल्या.